सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकायचंय? आधी पेन्सिल घ्या

मी बीएस्सी साताऱ्यात केली, एमएस्सी पुण्यात. पहिल्या वर्षी कृष्णविवरांवर तासन्‌तास गप्पा मारायचो, पण साधा हार्मोनिक ऑसिलेटर (स्प्रिंगला लावलेल्या वजनाच्या हेलकाव्यांचं गणित) सोडवता यायचा नाही. तुम्ही उलटं करा. मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू आणि डिफरन्शियल इक्वेशन्स हे गणित आधी पक्कं करा. क्वांटमचा पेपर निम्मा तिथेच सुटतो.

डेरिव्हेशन, म्हणजे सूत्राची पायरीपायरीची मांडणी, वाचून ‘कळलं’ म्हणायचं नाही. वही मिटायची आणि कोऱ्या कागदावर ते पहिल्यापासून मांडायचं. मी अडकायचो ती ओळ नेमकी सरांनी ‘हे तर उघडच आहे’ म्हणून सोडलेली असायची. त्या एका ओळीवर रविवार गेला तरी जाऊ द्या.

परीक्षांचं थोडक्यात: एमएस्सीसाठी जॅम, पीएचडीसाठी जेस्ट, नेट, गेट. संशोधन संस्था म्हणाल तर पुण्यात आयुका आणि आयसर, मुंबईत टीआयएफआर. तिथल्या उन्हाळी प्रकल्पांचे अर्ज बरेच आधी निघतात, आणि शिफारसपत्र लागतं. म्हणून शिक्षकांना निदान तुमचं नाव तरी माहीत असू द्या! (मी दोन वर्षं शेवटच्या बाकावर काढली.)

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मात्र पहिल्या वर्षापासून शिका. आयझिंग मॉडेल म्हणजे वर किंवा खाली वळणाऱ्या छोट्या चुंबकांचं, म्हणजे स्पिनचं, साधं चित्र. त्याचं मॉन्टे कार्लो सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर यादृच्छिक आकडे वापरून केलेला हिशेब, स्वतः लिहून बघा. मी पीएचडी अर्ध्यात सोडली, तेव्हा बाबांनी विचारलं, “आता रे?” आता विमा कंपनीत जोखमीचे हिशेब करतो. मॉन्टे कार्लो तेच आहे, फक्त स्पिनच्या जागी पॉलिसीधारक आलेत.