पाणबुडीच्या बिघाडांवर सेमिनार करताय? आधी या चुका टाळा

सेमिनारचे दिवस आले की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपवर डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची पोरं फायली घेऊन हजर होतात. मी नौदलात पाणबुडीच्या इंजिनरूममध्ये होतो, हे कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असतं. विषय ठरलेला, डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्यांचे (डिझेल इंजिनाने बॅटरी चार्ज करून खाली बॅटरीवर चालणाऱ्या) तांत्रिक प्रश्न. चुकाही ठरलेल्या. दरवर्षी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. नोकरीतलं आतलं काही यात नाही. जे आहे ते सगळं जगजाहीर.

वेग एकीकडचा, पल्ला दुसरीकडचा

ही चूक बघितली की माझं डोकं फिरतं. आपल्या शिशुमार वर्गाच्या पाणबुड्यांचे दोन आकडे सगळीकडे छापलेले आहेत. पाण्याखालचा कमाल वेग 22 नॉट (तासाला 22 सागरी मैल) आणि पल्ला 8,000 सागरी मैल. एका गटाने स्लाइडवर ठोकून दिलं, 'ही पाणबुडी 22 नॉट वेगाने 8,000 मैल जाते.' मी म्हटलं, भाग दे बघू. मोबाइलवर उत्तर आलं, 363 तास.

"म्हणजे पंधरा दिवस फुल स्पीडने, पाण्याखाली, नुसत्या बॅटरीवर?"

गटाचा पुढारी शांतपणे म्हणाला, "काका, जर्मन डिझाइन आहे. जात असंल की."

काय बोलणार! ते 8,000 मैल 8 नॉटने, स्नॉर्केल (हवा घ्यायची नळी) पाण्यावर काढून, डिझेल इंजिनं चालवत जाण्याचे आहेत. 22 नॉट हा नुसत्या बॅटरीवरचा वेग, आणि तो फार तर तासा-दीड तासाचा खेळ. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. अंतर निम्म्या वेळात कापलं जातं हे धरलं, तरी त्याच अंतराला चौपट वीज जाते. वर लेड-अॅसिड बॅटरीचा स्वभाव असा, की तिच्यातून करंट जितका घाईने ओढाल तितकी एकूण वीज कमी मिळते. त्यामुळे खरा हिशोब चौपटीवरही थांबत नाही.

मग हुशार पोरगं विचारतं, एक नॉटने गेलो तर महिनाभर पुरेल का? नाही पुरणार. सोनार, पंप, पंखे, वातानुकूलन, स्वयंपाकघर, दिवे हा भार पाणबुडी जागेवर उभी असली तरी चालूच असतो. एका मर्यादेखाली वेग कमी करून काही वाचत नाही. अंतर मात्र हातचं जातं.

माझ्याकडे आलेल्या प्रत्येक गटाला मी आधी कागदावर एक रेघ काढायला लावतो. आडवा वेग, उभे तास. ती रेघ काढल्याशिवाय मी पुढचं पान उलटत नाही. पोरांना हे लई जिवावर येतं, कारण त्यांना तयार तक्ता चिकटवून मोकळं व्हायचं असतं. कंटाळा येत असेल तर दुसरा विषय घ्या, सोलर पंपावर पुष्कळ मिळतं.

बॅटरी किती मोठी असते याचाही अंदाज नसतो. आपल्याच कलवरी वर्गाच्या पाणबुडीत 360 सेल आहेत, प्रत्येकी 750 किलोचा. म्हणजे 270 टन. पाण्याखाली या पाणबुडीचं वजन सुमारे 1,775 टन भरतं. जवळजवळ पंधरा टक्के वजन नुसत्या बॅटरीचं, आणि हे पोरं 'बॅटरी' या शीर्षकाखाली दोन ओळी लिहून आणतात.

इंजिन बंद पडलं, म्हणजे इंजिनच भिकार

ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन्स वर्गाचं उदाहरण हमखास असतं. सहा पाणबुड्या, प्रत्येकीत स्वीडनच्या हेडेमोरा कंपनीची अठरा सिलिंडरची तीन डिझेल इंजिनं, आणि सुरुवातीपासून कटकट. पोरं लिहितात, 'इंजिने निकृष्ट होती.' विषय संपला.

अरे, डिझेल कुठून येत होतं ते बघितलं का? पाणबुडीत डिझेल संपत जाईल तशी टाकीत समुद्राचं पाणी घेतात, टाकी रिकामी ठेवत नाहीत. रिकामी टाकी ठेवली तर पाणबुडी हलकी होऊन वर येऊ बघेल. पाणी जड, ते तळाला बसतं. डिझेल वर तरंगतं, तिथून उचलायचं. कागदावर झकास. समुद्रात पाणबुडी डुलते, कलते, दोन्ही घुसळतात, आणि खारं पाणी डिझेलबरोबर पुढे जातं. मग पंप आणि इंजेक्टर गंजायला कितीसा वेळ लागतो? मॅकिंटॉश आणि प्रेस्कॉट यांनी 1999 साली ऑस्ट्रेलियन सरकारला जो अहवाल दिला, त्यात इंजिनाच्या तक्रारींमध्ये हे पाणी ठळकपणे आहे. इंजिनात स्वतःचे दोष नव्हते असं नाही. पण आधी पाणी बघा, मग इंजिनाला शिव्या घाला.

हे पोरांना पटत नाही, म्हणून मी त्यांना इथलीच गोष्ट सांगतो. एका मंगल कार्यालयाचा जनरेटर लोड घेतला की गचके खात बंद पडायचा. तिथल्या तरुण मेकॅनिकने नोझल बदलले, फिल्टर बदलला, एअर काढली. दोन लग्नं सुरळीत पार पडली, तिसऱ्याला ऐन अक्षतांच्या वेळी अंधार. त्याने परत नोझल बदलले. मला बोलावलं तेव्हा मी इंजिनाला हातच लावला नाही. टाकीखाली पारदर्शक बाटली धरली आणि तळाचा प्लग सैल केला. आधी गढूळ पाणी आलं, मग तांबूस गंजाचा गाळ, आणि बऱ्याच वेळाने डिझेल. टाकीच्या झाकणाचं रबर फुटलं होतं, अख्खा पावसाळा त्यातून आत गेलेला. मेकॅनिक म्हणाला, "काका, टाकी उघडायला टाइम लागतो, नोझल पटकन होतंय." या 'पटकन'पायीच मालकाचे पैसे बुडाले.

आणखी एक बारकावा, जो कुणीच लिहीत नाही. डिझेलच्या जागी तेवढंच पाणी आलं म्हणून वजन तेवढंच राहत नाही. लिटरमागे दीड-दोनशे ग्रॅमची वाढ होते. डिझेल जळत जाईल तशी पाणबुडी जड होते आणि ट्रिमच्या टाक्यांतून पाणी बाहेर टाकून तोल सांभाळावा लागतो. परीक्षकाला हे सांगितलंत तर तो खुर्चीत सरळ होऊन बसेल.

टेस्ट बेडचा आकडा स्नॉर्केलला लावणे

कोल्हापुरात इंजिनाची जाण घराघरात आहे, म्हणून ही चूक इथे जास्त खुपते. टेस्ट बेडवर, म्हणजे कारखान्यात चाचणीसाठी बसवलेलं असताना, इंजिन मोकळी हवा घेतं आणि मोकळा धूर सोडतं. स्नॉर्केलवर धूर पाण्याच्या दाबाविरुद्ध ढकलावा लागतो. लाट आली की हवेच्या नळीचं तोंड झडपेने बंद होतं. इंजिन मात्र चालूच असतं, ते पाणबुडीच्या आतलीच हवा ओढतं, आणि सगळ्यांच्या कानांचे दडे बसतात. दाब फार उतरला तर इंजिन बंद करावं लागतं. खवळलेल्या समुद्रात हे पुन्हा पुन्हा होतं, म्हणजे चार्जिंग लांबतं, म्हणजे वर राहण्याचा वेळ वाढतो, म्हणजे सापडण्याची भीती वाढते. बिघाड समजून घ्यायचा तर ही साखळी लिहा.

अर्जेंटिनाची पाणबुडी 'सान हुआन' 15 नोव्हेंबर 2017 ला 44 जणांसह बेपत्ता झाली आणि वर्षाने 900 मीटरहून खोल सापडली. पोरं लिहितात, 'बॅटरीला आग लागली.' तिच्या कळवलेल्या संदेशात स्नॉर्केलच्या वायुवीजनातून समुद्राचं पाणी बॅटरीच्या कप्प्यात शिरून शॉर्टसर्किट झाल्याचं होतं. सुरुवात नळीपासून करा, बॅटरीपासून नको.

आपल्याकडच्या दुर्घटनांची खिचडी

2010 ला विशाखापट्टणमला रशियन बनावटीच्या सिंधुरक्षक पाणबुडीवर बॅटरीच्या हायड्रोजनमुळे आग लागली, एक नौसैनिक गेला. 14 ऑगस्ट 2013 ला त्याच पाणबुडीत मुंबईच्या गोदीत स्फोट झाले, अठरा जण गेले. तिथे पुढच्या भागातली शस्त्रं फुटली. फेब्रुवारी 2014 मध्ये तिच्याच वर्गाच्या सिंधुरत्नवर केबलींमधून धूर झाला, दोन अधिकारी गेले, आणि नौदलप्रमुख अॅडमिरल जोशींनी त्याच दिवशी राजीनामा दिला. तीन घटना, तीन कारणं. 'जुन्या रशियन बॅटऱ्या' या एका ओळीत कोंबलंत तर मी फाइल परत देतो. माणसं गेलीत त्यात.

बाकीच्या, थोडक्यात

एआयपी (बाहेरची हवा न घेता पाण्याखाली वीज करायची यंत्रणा) म्हणजे वेग नव्हे. ती काही शे किलोवॅटची सोय, हळू फिरत जास्त दिवस खाली राहण्यासाठी. पळायचं झालं तर बॅटरीच. जपानने 2020 साली नौदलात घेतलेल्या 'ओर्यू' पाणबुडीत एआयपीची स्टर्लिंग इंजिनं न ठेवता लिथियम-आयन बॅटऱ्या घातल्या, तेही वाचा.

पाणबुडी धक्क्याला उभी, म्हणजे तंत्रज्ञान फसलं, असं नाही. 2017 च्या अखेरीला जर्मनीच्या सहाच्या सहा 212 वर्गाच्या पाणबुड्या एकाच वेळी कामाबाहेर होत्या. मुख्य रड सुट्या भागांची होती.

वजनाचा हिशोब शेवटी करू नका. स्पेनच्या एस-80 वर्गाच्या पाणबुड्यांचं जादा वजन 2013 मध्ये उघड झालं, सांगाडा लांबवावा लागला, आणि पहिली 'इसाक पेराल' नौदलाला मिळायला 2023 उजाडलं.

आवाज म्हणजे फक्त इंजिनाचा आवाज नाही. कॉलिन्सला सांगाड्यावरून वाहणाऱ्या पाण्याने आणि प्रॉपेलरने छळलं.

नळ्या विसरू नका. दर दहा मीटरला एक बार दाब वाढतो. 2003 मध्ये कॉलिन्स वर्गातल्याच 'डेशेनो'वर खोलात समुद्राच्या पाण्याची एक लवचीक नळी फुटली आणि पाणबुडी थोडक्यात वाचली.

फोटो बघून लिहू नका. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर आयएनएस कुरसुरा ही निवृत्त पाणबुडी 2002 पासून लोकांसाठी उघडी आहे. सोव्हिएत बनावटीच्या फॉक्सट्रॉट वर्गाची, तीन डिझेल इंजिनं, तीन शाफ्ट. प्रवास लांबचा आहे, पण ग्रुपने गेलात तर परवडतं. आत शिरल्यावर सेल्फीची घाई बाजूला ठेवा आणि इंजिनांच्या कप्प्यात हवेची नळी कुठून येते, धुराची कुठून जाते, ते बोटाने दाखवत वहीत काढा. त्या वहीसकट माझ्याकडे या. दुपारी चारनंतर, आधी कामाचा माणूस मोकळा आहे का ते विचारून.