घरी बांधलेल्या विमानाच्या रडरची केबल-जोडणी कशी आखावी

रडर म्हणजे शेपटीचं उभं, विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं पान; पेडल दाबलं की केबल ते ओढते. केबल कुठली घ्यायची, हा प्रश्न नंतरचा. आधी पायाचा जोर धरा. आडव्या वाऱ्यात उतरताना किंवा स्पिनमधून (गिरक्या घेत खाली पडण्यातून) बाहेर पडताना वैमानिक पेडल जीव तोडून दाबतो. अमेरिकेतल्या हलक्या विमानांच्या जुन्या भाग 23 नियमावलीत पेडलवर 200 पौंड, म्हणजे साधारण 90 किलो भार धरला होता. तुमच्या विमानाला ती सक्तीची नसली तरी याहून कमी धरू नका.

आता पेडल कागदावर काढा. बिजागरीपासून पाय 20 सेंमीवर आणि केबल 10 सेंमीवर असेल, तर केबलवर दुप्पट ताण येतो: 180 किलो. सुरक्षेसाठी 1.5 ने गुणा, 270 किलो. 1/8 इंची 7×19 (7 पेड, प्रत्येकात 19 तारा) गॅल्व्हनाइज्ड केबल सुमारे 900 किलो पेलते, म्हणून सगळं लक्ष तिच्यावर नको. कच्चा राहतो तो पुलीचा ब्रॅकेट, म्हणजे पुली धरून ठेवणारा पत्रा. केबल 90 अंशांत वळली की पुलीच्या बोल्टवर ताणाच्या 1.4 पट, म्हणजे इथे जवळजवळ 380 किलो येतात. पेडलची नळी आणि रडरच्या हॉर्नचे (केबल जोडायच्या भुजेचे) रिव्हेटही याच हिशेबाने तपासा.

मग हालचाल. हॉर्नची भुजा 10 सेंमी, रडर 25 अंश वळणार, केबल 4.2 सेंमी सरकेल आणि पाय 8.4. सीटवर बसून, बूट घालून एवढं जमतं का ते बघा. हॉर्न आखूड केला तर पायाची हालचाल कमी होते, पण पेडल जड होतं.

केबल शक्य तितकी सरळ न्या. फेअरलीडवर (केबल जिच्यातून सरकते त्या गुळगुळीत कडीवर) 3 अंशांपर्यंतच वळण चालतं, पुढे पुलीच हवी, आणि ढिली केबल निसटू नये म्हणून तिला गार्ड. फिरत्या जोडांना कॅसल नट (खाचांचा नट) आणि स्प्लिट पिन लावा. नुसता नायलॉन नट तिथे अजिबात नको. टर्नबकलच्या (केबल ताणायच्या आट्यांच्या जोडाच्या) नळीबाहेर कुठल्याही बाजूला 3 पेक्षा जास्त आटे दिसू नयेत, आणि तो सुटू नये म्हणून बांधायची सेफ्टी वायर हवीच.

स्टॉप, म्हणजे हालचाल ठरावीक जागी अडवणारा अडथळा, रडरच्या हॉर्नपाशीही द्या. फक्त पेडलपाशी दिला, तर उभ्या विमानावर मागून आलेल्या झोताचा सगळा हिसका केबलला बसतो.

बसवून झाल्यावर उजवं पेडल दाबा. रडरची मागची कड उजवीकडेच गेली पाहिजे. मग एकाला रडर धरायला सांगून पूर्ण जोर लावा आणि दुसऱ्याला प्रत्येक ब्रॅकेट बघायला बसवा. जो डोळ्यांना हलताना दिसेल, तो काढून जाड पत्र्याचा करा.