इंदूरच्या पाण्यात मासे कसे सांभाळायचे: टँक लावण्यापासून रोजच्या देखभालीपर्यंत

अ‍ॅक्वेरियम घ्यायचं ठरलं की लोक आधी दुकानात जाऊन मासे पसंत करतात, मग टँक घेतात, मग फिल्टर, आणि पाण्याचा विचार डोक्यात येतो तो घरी येऊन नळ उघडल्यावर. माझं म्हणणं आहे हे सगळं उलटं करा. आधी घरात पाणी कुठलं येतं ते बघा आणि त्या पाण्यात जो मासा आरामात राहील तोच आणा. पाणी माशाच्या तब्येतीचं बनवायला गेलात तर आरओ, केमिकलच्या बाटल्या आणि टेन्शन, आणि एवढं करून दोन-तीन महिन्यांत टँक माळ्यावर जातो. असे कितीतरी टँक लोकमान्य नगर, रामबाग भागातल्या घरांमध्ये धूळ खात पडलेत, बघून जीव तुटतो.

आपल्याकडे पाणी दोन प्रकारचं. एक नर्मदेचं, जे १९७८ पासून नर्मदाकाठच्या जलूदहून जवळजवळ ७० किलोमीटर पंप होऊन येतंय, आणि दुसरं बोरिंगचं. नर्मदेचं पाणी मध्यम जड, वर त्यात क्लोरीन. बोरिंगचं पाणी बहुतेक ठिकाणी त्याहून बरंच जड, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तोच कॅल्शियमवाला प्रकार, तूरडाळ कुकरच्या चार शिट्ट्या होऊनही कडकच राहते तेच पाणी. आता खरी गोम अशी की पुष्कळ घरांत नर्मदा एक दिवसाआड येते, मधल्या दिवशी बोरिंग चालू करतात आणि दोन्ही एकाच टाकीत जातं, म्हणजे सोमवारी नळाला जे पाणी होतं ते बुधवारी नसतं. माणसाला काही फरक पडत नाही पण माशाला पडतो, त्याचं सगळं शरीर त्याच पाण्यात चोवीस तास आहे. म्हणून एक सोर्स ठरवा आणि त्यालाच धरून राहा. नर्मदेचं वापरायचं असेल तर ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी डायरेक्ट लाइनच्या नळावरून दोन बादल्या वेगळ्या भरून झाकून ठेवा. टीडीएस मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवतो) स्वस्तात मिळतो, तो घ्या, दोन्ही पाण्याचे आकडे घेऊन भिंतीवर लिहून ठेवा. पीएच (पाणी अ‍ॅसिडिक आहे की अल्कलाइन ते सांगणारा आकडा) आणि अमोनियासाठी थेंबवालं टेस्ट किट घ्या, पट्ट्यांवर माझा फारसा भरवसा नाही.

आरओचं पाणी शुद्ध म्हणून चांगलं असेल असं समजून कोणी पूर्ण टँक आरओने भरू नका. त्यात मिनरल जवळजवळ नसतातच, पीएच धरून ठेवायला काही उरत नाही आणि तो कधीही घसरतो.

तर या जड पाण्यात कोण खूश? गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वॉर्डटेल. ही सगळी पिल्लं घालणारी मंडळी, यांना जड आणि थोडं अल्कलाइन पाणीच मानवतं. झेब्रा डॅनिओ तर आपल्याच देशातला मासा, बऱ्यापैकी काहीही सहन करतो, नवीन माणसाने यापासूनच सुरुवात करावी. रोझी बार्बपण आपल्याकडचाच, दिसायला सुंदर आणि चिवट. एंजल चालतो, दुकानातले बहुतेक एंजल फार्ममध्ये वाढलेले असतात, पण टँक उंच लागतो. निऑन टेट्रा, कार्डिनल, डिस्कस हे मऊ आणि अ‍ॅसिडिक पाण्यातले, अ‍ॅमेझॉनकडचे. यांचा नाद सुरुवातीला सोडा.

गोल्डफिशबद्दल मला जरा जोरात बोलायचंय. तो गोल बाउलचा मासा नाही, नाही आणि नाही. साधा गोल्डफिश वाढला तर २० सेंटीमीटरच्या वर जातो, खातो भरपूर, घाण भरपूर करतो, आणि त्याला गार पाणी आवडतं, आपल्या मेच्या उन्हाळ्यात छोट्या बाउलमध्ये तो रोज गुदमरत असतो. वाढदिवसाला मुलांना बाउल आणि दोन गोल्डफिश गिफ्ट देण्यापेक्षा काहीही दुसरं द्या. तसंच 'काच साफ करतो' म्हणून जो सकर फिश गळ्यात मारतात तो बोटाएवढा दिसतो पण फूट-दीड फुटाचा होतो. काच आपणच पुसायची.

टँक किती मोठा? नवीन माणूस छोटा घेतो, सांभाळायला सोपा जाईल म्हणून. होतं उलटं, कमी पाण्यात घाण पटकन वाढते आणि तापमान पटकन वरखाली होतं. निदान दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच घ्या. लांबी-रुंदी-उंची फुटात गुणून त्याला २८ ने गुणलं की लिटर निघतात, म्हणजे याचे साधारण ७० लिटर. काच ६ एमएमची. आता ७० लिटर म्हणजे पाण्याचंच ७० किलो, त्यात वाळू, दगड, काच धरा, ९० च्या आसपास वजन होतं, त्यामुळे फ्रिजवर, शोकेसच्या फळीवर, डगमगत्या टेबलावर ठेवायचा विचारही नको. लोखंडी स्टँड, लेव्हल चेक केलेला, वर प्लायवूड आणि टँकखाली थर्माकोलची शीट, म्हणजे काचेवर एका जागी दाब येत नाही. खिडकीसमोर ठेवू नका, ऊन आलं की आठ-दहा दिवसांत पाणी हिरवं. मासे टाकायच्या आधी भरून दोन दिवस ठेवा, कुठे पाझरतोय का कळतं.

तळाला दोन इंच बारीक खडी किंवा जाड वाळू, पाणी नितळ होईपर्यंत धुतलेली, साबण अजिबात नाही. ओंकारेश्वर-महेश्वरला गेलं की घाटावरून गोटे उचलून आणायची आपली सवय, ते टाकायला हरकत नाही पण आधी दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, तो दगड जड पाणी आणखी जड करेल, बाजूला ठेवा. शंख-शिंपल्यांचं पण तेच.

फिल्टर सगळ्यात महत्त्वाचा, इथे पैसे वाचवू नका. तासाला टँकच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा हवा. दोन फुटी टँकला एअर पंपवर चालणारा चांगला स्पंज फिल्टरही पुरतो. एअर पंप पाण्याच्या लेव्हलच्या वर टांगा किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह लावा, नाहीतर लाइट गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं आणि तिथून बोर्डात. प्रत्येक वायर बोर्डापर्यंत जाताना आधी खाली झोल घेऊन मग वर जाऊ द्या, ओघळ आला तर झोलावरूनच टपकतो, प्लगपर्यंत पोचत नाही.

आता तो भाग जो दुकानदार सांगत नाही, कारण सांगितला तर त्या दिवशी मासे विकले जाणार नाहीत. टँक भरला, फिल्टर चालू केला, पाणी काचेसारखं स्वच्छ, तरी तो अजून तयार नाहीये. मासे विष्ठा आणि कल्ल्यांमधून अमोनिया सोडतात, अमोनिया विषारी. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर हळूहळू बॅक्टेरिया वाढतात, एक जात अमोनियाचा नायट्राइट करते (तोही विषारीच), दुसरी त्या नायट्राइटचा नायट्रेट करते, जो बऱ्यापैकी निरुपद्रवी आहे आणि पाणी बदललं की निघून जातो. हे बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे लागतात, यालाच टँक सायकल होणं म्हणतात. लोक पहिल्याच दिवशी वीस मासे टाकतात, आठवड्याभरात ते वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि एकेक करून जातात, मग 'आमच्या घरी मासे टिकत नाहीत' म्हणून विषय बंद. आणि आपल्या इंदूरकरांनी तर जास्तच सांभाळायला हवं, कारण पीएच ७ चा ८ झाला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, आणि आपलं पाणी ८ च्या आसपास सहज असतं.

म्हणून फिल्टर चालू ठेवून रिकाम्या टँकमध्येच रोज चिमूटभर फिश फूड टाका, ते सडून अमोनिया तयार होतो आणि बॅक्टेरियाला खायला मिळतं. ओळखीत कोणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टँकमध्ये पिळून घ्या, घाणेरडं पाणी दिसेल पण तेच सोनं आहे, काम बरंच लवकर होतं. टेस्टमध्ये आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येतील आणि नायट्रेट दिसायला लागेल. दोन्ही शून्य झाल्याशिवाय मासा आणायचा नाही. मग पहिल्यांदा पाच-सहा डॅनिओ किंवा गप्पी, दोन आठवड्यांनी आणखी थोडे.

मासे घरी आणल्यावर पिशवी बंदच पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या, मग उघडून अर्ध्या तासात थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला, मग जाळीने मासा उचलून टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. जमलं तर नवीन मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, दुकानातून आजार बरोबर येतो.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, सायफनच्या पाइपने खडीतली घाण ओढत. नवीन पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब, आणि पाणी टँकएवढंच कोमट किंवा गार. स्पंज महिन्यातून एकदा, तोही टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचा, नळाखाली नाही, नळाच्या क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात आणि तुम्ही परत पहिल्या दिवसावर. सगळे मासे बादलीत काढून, टँक विमने घासून, खडी उन्हात वाळवून 'एकदम चकाचक' करणारे काका प्रत्येक कॉलनीत आहेत. काका, हात जोडून विनंती, असं करू नका.

खाणं दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल तेवढंच. पाहुण्यांची मुलं कौतुकाने शेव टाकतात, पोह्याचे दाणे टाकतात, वर लगेच तेलाचा तवंग दिसतो, त्यांना आधीच प्रेमाने सांगून ठेवा. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) बघून आलेले हात टँकमध्ये घालायचे नाहीत. त्याच खोलीत मच्छर मारायचं लिक्विड किंवा स्प्रेपण नको, त्यातलं औषध माशांना फार घातक असतं आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे ४० च्या वर जातं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ डिग्रीला लिटरमागे साधारण ८ मिलिग्राम, ३५ ला ७ च्या खाली. त्यात दुपारी लाइट गेली की फिल्टर बंद. तेव्हा एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या किंवा बॅटरीवाला ठेवा, वरचं झाकण काढून जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा, दोन-तीन डिग्री आरामात उतरतं. पाणी उडून कमी होईल ते भरत राहा. डिसेंबर-जानेवारीत उलट प्रकार, रात्री १० च्या खाली जातं, तर लिटरला एक वॅट या हिशोबाने हीटर, २५-२६ वर सेट. पाणी बदलायच्या पंधरा मिनिटं आधी हीटर बंद करायचाच, गरम हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते.

थंडी सुरू होताना अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो इक. औषध माशाच्या अंगातल्या ठिपक्यावर चालत नाही, ठिपका गळून त्यातून निघालेली पिल्लं पाण्यात फिरतात तेव्हाच चालतं, म्हणून ठिपके गेले की लगेच औषध थांबवू नका, त्यानंतरही आठ-दहा दिवस चालू ठेवा आणि पाणी रोज थोडं थोडं करत ३० डिग्रीपर्यंत न्या, हवा वाढवा.

झाडं लावाच. व्हॅलिसनेरिया जड पाण्यात मस्त पसरतं, अनुबियास दगडाला दोऱ्याने बांधलं की झालं. आणि सगळ्यात सोपं, मनी प्लांटची फांदी वरून अडकवून फक्त मुळं पाण्यात सोडा, नायट्रेट ओढून घेते. एलईडी टायमरवर सहा ते आठ तास, बस.

दुकान, क्लिनिक, ऑफिसच्या रिसेप्शनचा टँक असेल तर थोडं वेगळं. तिथे लोकांना बघायला छान दिसतं म्हणून लाइट बारा-चौदा तास चालू असतो, जो येतो तो खाणं टाकतो, आणि देखभालवाला महिन्यातून एकदा येऊन सगळं पाणी बदलून जातो. एका माणसावर जबाबदारी टाका, खाण्याचा डबा त्याच्याच ड्रॉवरमध्ये. देखभालवाल्याला स्पष्ट सांगा, दर आठवड्याला ये पण चौथा हिस्साच बदल. वास्तूसाठी अरोवाना आणायचा असेल तर आधी टेप घेऊन जागा मोजा, सिल्व्हर अरोवाना तीन फुटांपर्यंत वाढतो, त्याला सहा फुटी टँकही कमी पडतो, वर तो उडी मारतो म्हणून झाकण भक्कम लागतं. दिवाळीला चार-पाच दिवस बंद असेल तर मोठे निरोगी मासे उपाशी आरामात राहतात, 'एकदाच भरपूर टाकून जातो' हे करू नका.

गप्पी-मॉली महिन्याभरात पिल्लं देतात आणि मग दर महिन्याला देतच राहतात. जास्त झाले, किंवा सकर मोठा झाला, की लोक सिरपूर किंवा पिपल्यापाला तलावात सोडून येतात, पुण्य म्हणून. हे पुण्य नाही भिया. सिरपूर आणि यशवंत सागर, दोन्हींना २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालाय, आणि हा सकर आपल्या देशातल्या कितीतरी तलाव-नद्यांत पसरून तिथल्या माशांची जागा खातोय. दुकानदाराला विचारा, बरेच जण परत घेतात. नाहीतर ओळखीत ज्याचा टँक सायकल होऊन तयार आहे त्याला पिशवीभर पिल्लं द्या, बरोबर स्वतःच्या फिल्टरचा स्पंजपण पिळून द्या.