एन्झाइमचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रक्तातल्या एसजीपीटी या लिव्हरच्या एन्झाइमचा आकडा जरा वर गेला की 'लिव्हर बिघडलं' असा निकाल घरातच लागतो. पण तपासणीआधीचे दोन-तीन दिवस कसे गेले, हे कुणी विचारत नाही.

बऱ्याच दिवसांनी व्यायामाला लागून, अंग ठणकत असतानाच रक्त द्यायला जाणं ही नेहमीची चूक. स्नायूंना ताण बसला की सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम कित्येक पटींनी वाढतं आणि त्याच्यासोबत लिव्हरच्या तपासणीतलं दुसरं एन्झाइम एसजीओटी, थोडंफार एसजीपीटीही. ही शेवटची दोन्ही एन्झाइम स्नायूंतही असतात. मात्र जीजीटी हे लिव्हरच्याच तपासणीतलं एन्झाइम स्नायूंतून येत नाही. म्हणून एसजीओटी वाढलेलं, जीजीटी ठीक आणि अंग दुखतंय, असं असेल तर डॉक्टरांना व्यायामाचं आधी सांगा. आठवडाभर विश्रांती घेऊन केलेल्या तपासणीत बहुतेकदा उलगडा होतो. सीपीके मुळातच पिळदार अंगाच्या माणसात जास्त आणि बायकांपेक्षा पुरुषांत जास्त असतं.

लिव्हर, हाडं आणि आतडं अशा ठिकाणी असणाऱ्या अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमची गंमत वेगळीच. तेलकट-तुपकट जेवणानंतर आतड्यातला त्याचा प्रकार रक्तात उतरतो आणि हे ओ किंवा बी रक्तगटाच्या अनेकांत ठळकपणे दिसतं. फक्त हाच आकडा वाढला असेल तर रात्रभर उपाशी राहून पुन्हा तपासा. वाढत्या वयाच्या मुलाचा आकडा मोठ्यांच्या मर्यादेशी ताडून घाबरू नका, हाडं वाढताना तो दुप्पट-तिप्पट असू शकतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेमुळेही तो वाढतो.

'कमी आला म्हणजे उत्तम' हाही गैरसमजच. एसजीपीटी आणि एसजीओटीला काम करायला ब-६ जीवनसत्त्व लागतं, अल्कलाइन फॉस्फेटेजला जस्त. आहारात यांची कमतरता असेल तर आकडा फसवा कमी येतो.

तपासणीआधी दोन दिवस दारू बंद ठेवून जीजीटी उतरत नाही, त्याला काही आठवडे लागतात. फेफऱ्याच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं. तेव्हा गोळ्यांची यादी सोबत न्या, मनाने बंद करू नका.

आणि रिपोर्टमधली 'नॉर्मल' मर्यादा ठरवतानाच निरोगी माणसांतले सुमारे 5 टक्के बाहेर राहतात. वीस चाचण्यांचं पॅकेज केलं तर एखादा आकडा ठळक छापून येण्याची शक्यता बरीच! पण डोळे पिवळे दिसत असतील किंवा लघवी चहासारखी गडद होत असेल, तर पुन्हा तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.