क्लाउडवर फाइल ठेवायची, पण कंपनीला वाचू द्यायची नाही, ती कशी?

"क्लाउडवर सगळं एन्क्रिप्टेडच असतं" (म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात) असं कोणी सांगितलं, तर एकच विचारा: किल्ली कोणाकडे? गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यात ती कंपनीकडेच असते. सर्व्हरची डिस्क चोरीला गेली तर चोराला काही वाचता येत नाही, कंपनीला मात्र येतं. माझ्या मते खातं कोणाचं आणि जागा किती लागली, एवढं कंपनीला कळलं की पुरे. फाइलमध्ये काय आहे, याच्याशी तिला काय करायचंय?

त्यासाठी क्रिप्टोमेटर टाका. हे अ‍ॅप फाइल क्लाउडवर जाण्याआधी तुमच्याच संगणकावर कुलूपबंद करतं. क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये नवा व्हॉल्ट, म्हणजे कुलूपबंद तिजोरी, करा, लांबलचक पासवर्ड द्या. पासवर्ड विसरलात तर उपयोगी पडणारी ४४ शब्दांची रिकव्हरी की कागदावर उतरवा. ती त्याच क्लाउडवर ठेवलीत तर कुलपालाच किल्ली लटकवली. पासवर्ड आणि की दोन्ही गेले तर फाइली गेल्या, कोणीही उघडून देणार नाही.

खरी डोकेदुखी जुन्या फाइली हलवताना. मला हीच पायरी सगळ्यात जड गेली. व्हॉल्ट उघडला की संगणकावर एक वेगळा ड्राइव्ह दिसतो. फाइली तिथेच टाकायच्या. सिंक फोल्डरमधल्या व्हॉल्टच्या फोल्डरात ‘डी’ (d) नावाचा फोल्डर दिसतो, त्याला हात लावू नका. तिथे टाकलेली फाइल उघडीच वर जाते, आणि तिथलं काही पुसलं तर व्हॉल्टमधलं काहीतरी कायमचं हरवू शकतं.

फाइल आत हलवली म्हणजे काम झालं असंही नाही. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये जुनी प्रत ३० दिवस पडून राहते. ब्राउझरमधून जाऊन ती रिकामी करा. फोनचं फोटो-बॅकअप चालू असेल तर तेच फोटो दुसऱ्या वाटेने उघडे चढतात, म्हणून ते आधी बंद करा. आणि पासवर्डची यादी कधी उघडी वर गेली असेल तर ती लपवत बसू नका, सरळ पासवर्ड बदला.

एवढं करूनही फाइलींची संख्या, अंदाजे आकार, बदलल्याची वेळ आणि तुमचा आयपी पत्ता कंपनीला दिसतोच. आकारही झाकायचा असेल तर जुनी, बंद झालेली कागदपत्रं एका झिपमध्ये बांधून ठेवा. रोजच्या फाइलींना हे करू नका. एक ओळ बदलली तरी अख्खी झिप पुन्हा चढते.

आयक्लाउडवाल्यांनी, जिथे मिळतं तिथे, अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन (बहुतेक डेटाची किल्ली कंपनीऐवजी तुमच्याच उपकरणांवर ठेवणारी सोय) चालू करावं. मेल, कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर त्यातही झाकले जात नाहीत.

शेवटी ब्राउझरमधून ड्राइव्हवरचा व्हॉल्टचा फोल्डर उघडा. ‘डी’च्या आतल्या फोल्डरांमध्ये खोल गेलात की ‘सी९आर’ने (.c9r) संपणारी अगम्य नावं दिसायला हवीत. तिथे एखादं नाव सरळ वाचता आलं, तर ती फाइल कुलपाबाहेर आहे.