दुसऱ्या सालाचं इंजिन आपल्या गाडीत बसवताना

"बसतंय की, सगळे बोल्ट जुळले," असं मेस्त्री म्हणाला की आपला जीव भांड्यात पडतो. पण खरी कटकट बोल्टांनंतरच सुरू होते. माझी गाडी बेळगावात खानापूर रोडवरच्या एका गॅरेजात तीन दिवस अशीच उभी होती. स्टार्टर फिरायचा, प्लगला ठिणगी नाही. इंजिन त्याच मॉडेलचं, फक्त पुढच्या सालाचं.

म्हणून पैसे मोजण्याआधी ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावरचा, कोड वाचा, नुसते सीसी विचारू नका. मारुती ८०० आणि पहिली अल्टो दोन्ही ७९६ सीसी, पण ८०० च्या नेहमीच्या इंजिनाला सहा व्हॉल्व्ह, अल्टोला बारा. ओम्नीचंही ७९६च, पण ते लांबीत बसून मागची चाकं फिरवतं. ८०० चं आडवं, पुढची चाकं फिरवणारं. त्यामुळे माउंटिंगपासूनच, म्हणजे इंजिन गाडीत ज्यावर टेकतं तिथूनच, फरक पडतो.

मग पेट्रोल कसं येतं ते बघा. कार्ब्युरेटरला इंजिनावरचा छोटा पंप पुरतो. इंजेक्शनला टाकीतला इलेक्ट्रिक पंप लागतो, दाब साधारण अडीच-तीन बार. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनचं इंजिन, घालायचं तर पंप, पाइप, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग सगळं ते इंजिन ज्या गाडीचं, त्याच गाडीचं उचला. इमोबिलायझर (चोरी रोखणारं चावीचं लॉक) असेल तर चावीसुद्धा. ईसीएम दुसऱ्या चावीला ओळखत नाही.

दोन्ही इंजिनं इंजेक्शनवाली असतील तर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, सेन्सरसमोरच्या चक्रीचे दात मोजा. आमचं घोडं इथंच अडलं होतं. या दातांवरून ईसीएमला क्रँक कुठं आहे ते कळतं. कुठं ३६ दातांची मांडणी, कुठं ६०. खुणेसाठी एक-दोन दात मुद्दाम गाळलेले. एका दातावर खडूची रेघ ओढा, इंजिन हातानं फिरवा आणि रेघ परत येईपर्यंत मोजा. मग जुन्या इंजिनावर तेच करा. आकडा किंवा गाळलेल्या जागा जुळल्या नाहीत तर ईसीएम गोंधळतो, ठिणगीच देत नाही. आम्ही हे मोजलं तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, तोवर दोन बॅटऱ्या उतरल्या होत्या.

माझं मत विचाराल तर अशा वेळी आणलेल्या इंजिनाचा फक्त ब्लॉक घ्या आणि त्यावर आपल्याच गाडीचं मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा पाइप), इंजेक्टर, सेन्सर, बसत असेल तर चक्रीही चढवा. यातलं अर्धं याचं, अर्धं त्याचं नको. फ्लायव्हील आणि क्लच प्लेट मात्र एकाच गाडीच्या जोडीनं घ्या. एसीचा ब्रॅकेट जुळला नाही तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवाल्याकडून करून घेता येतो. माउंटिंगला असला जुगाड नको.

कागदांचं काम शेवटावर ढकलू नका. इंजिन नंबर आरसीवर असतो आणि तो बदलायचा तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. केए-२२ नंबरवाल्यांनी बेळगाव, केए-२३ वाल्यांनी चिकोडी आरटीओत आधीच विचारावं. इंजिन कोल्हापूरहून आणलं असेल तर बिल आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत तिथंच मागून घ्या, नंतर फोन कोणी उचलत नाही. २०१७ नंतरच्या बीएस-४ गाडीत बीएस-३ चं, म्हणजे धुराच्या जुन्या, सैल नियमांचं, इंजिन घालायचा विचारही नको.

सगळं जुळलं की बेळगावजवळचा वंटमुरी घाट चढून या, एसी लावून. टेम्परेचरचा काटा वर सरकू लागला तर लगेच बाजूला थांबा. रेडिएटरचं झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडा.