चाकू हातात द्या, बंदूक कुलपात ठेवा

मी नऊ वर्षांची असताना माझ्या खिशात घडीचा चाकू असायचा आणि घरातल्या लोखंडी कपाटात अण्णांची दुनळी बंदूक. दोन्ही शिकवलं अण्णांनीच, आणि एकाच पद्धतीने: लपवायचं नाही, विचारेल ते सांगायचं, हातात द्यायचं, शेजारी बसायचं. चाकूच्या बाबतीत ही पद्धत इतकी चोख ठरली की आज मी माझ्या मुलीला आणि भाच्याला तसंच शिकवते. बंदुकीच्या बाबतीत ती फसली होती. अण्णांना ते तीस वर्षांनी कळलं, तेही मीच सांगितलं म्हणून.

आधी चाकू.

मूल चाकू धरायला तयार झालं की नाही हे वयावरून ठरवू नका. मी एकच गोष्ट बघते: खेळात रंगलेलं असताना ‘थांब’ म्हटलं तर ते थांबतं का? जिथल्या तिथे, हात हवेत ठेवून. माझी मुलगी सहाव्या वर्षी थांबायची. भाचा आठ पूर्ण झाला तरी ‘एक मिनिट मावशी’ म्हणायचा, म्हणून त्याला आणखी वर्षभर गोल टोकाच्या सुरीने केळं आणि उकडलेला बटाटा कापण्यावर समाधान मानावं लागलं. रुसला, पण थांबायला शिकला.

पहिला चाकू घडीचा नको. माझा होता, आणि त्याची खूण उजव्या तर्जनीवर अजून आहे. घडीच्या चाकूला खटका नसेल तर टोकावर दाब पडताच पातं बोटांवर मिटतं. सात-आठ सेंटिमीटरचं, न मिटणारं पातं, त्याला म्यान, आणि मुलाच्या मुठीत मावेल अशी मूठ घ्या. मोठ्या माणसाचा चाकू मुलाला ‘पुढे कामाला येईल’ म्हणून देऊ नका. मोठी मूठ हातात फिरते, आणि फिरली की पातं कुठे जाईल ते सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी चाकू म्यानातून काढूच नका. त्या दिवशी तीन गोष्टी शिकवायच्या.

एक, वर्तुळ. हात लांब करून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची. हाताच्या टप्प्यात कुणी आलं तर चाकू बाहेर निघणार नाही, आणि कुणी मध्येच चालत आलं तर परत म्यानात जाईल. स्काउटच्या मुलांना हेच शिकवतात. माझ्या मुलीने पहिल्याच आठवड्यात मला वर्तुळाबाहेर हाकललं होतं. मला राग आला आणि बरंही वाटलं.

दोन, देवघेव. हातातून हातात द्यायचाच नाही. देणाऱ्याने खाली ठेवायचा, हात मागे घ्यायचा, मग घेणाऱ्याने उचलायचा. मूठ पुढे करून देण्याची मोठ्यांची रीत वाईट नाही, पण लहान मुलं घाईत ओढतात, आणि ओढताना पातं देणाऱ्याच्या बोटांत असतं.

तीन, पडणारा चाकू. ह्याची तालीम करावी लागते, नुसतं सांगून भागत नाही. काहीही पडायला लागलं की हात आपोआप झेलायला जातो, तो जाऊ नये ही खरी शिकवण. मी लाकडी चमचा घेते, बोलता बोलता मध्येच सोडते. मुलाने दोन्ही हात वर करायचे आणि एक पाऊल मागे जायचं. पंधरा-वीस वेळा केलं की खेळ होतो. सहा महिन्यांनी भाच्याच्या हातून खरा चाकू निसटला, तेव्हा तो शरण आल्यासारखे हात वर करून मागे सरकला आणि चाकू फरशीवर वाजला. माझा जीव भांड्यात पडला.

मग काम. बोटाएवढ्या जाडीची, ओली, मऊ काठी घ्या. सुकं लाकूड नको, त्याला जोर लागतो. मुलाला बसवा, कोपरं गुडघ्यांवर, आणि काठी गुडघ्यांच्या पलीकडे. मांडीवर ठेवून तासायचं नाही, कधीच नाही: मांडीच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते आणि तिथला घाव बोटावरच्या घावासारखा नसतो. पहिलं काम फक्त साल काढणं. पेन्सिलीला टोक काढताना जसा पातळ पापुद्रा निघतो तसा निघायला हवा. मुलं पातं खोल रुतवतात, ते अडकतं, मग जोर लावतात. अडकलं की काठी हलवायची नाही, पातं मागे घ्यायचं. काठी धरलेला हात नेहमी पात्याच्या मागे, आणि पातं अंगापासून लांब जाणारं.

पंधरा मिनिटं झाली की बंद. मूल कुरकुरेल. तरी बंद. दमलेला हात चुकतो, आणि मुलाला आपला हात दमलाय हे कळत नाही. आमच्याकडे झालेल्या बहुतेक जखमा ‘हे शेवटचं’ म्हणताना, पुसताना किंवा म्यानात घालताना झाल्या आहेत; तासताना फारच थोड्या. म्हणून पुसायचं ते पात्याच्या पाठीकडून, आणि म्यान मुठीत आवळायचं नाही.

स्वयंपाकघरात नियम थोडे बदलतात, कारण तिथे दुसरा हात पात्याच्या जवळ येतोच. बोटांची टोकं आत वळवायची, मांजर नखं आत घेतं तशी, आणि पातं बोटांच्या पेरांना घासत चालू द्यायचं. गोल वस्तू आधी उभी कापून सपाट बाजू खाली ठेवायची. गाजर डळमळलं की सुरी घसरलीच म्हणून समजा. आणि फेसाच्या पाण्यात सुरी बुडवून ठेवली की मी मोठ्यांनाही ओरडते.

धारेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे पालक हटकून चुकतात. मुलासाठी म्हणून बोथट चाकू देतात. बोथट चाकूला जोर लागतो, जोराने तो घसरतो, आणि घसरलेल्या चाकूमागे तो सगळा जोर असतो. मुलाचा चाकू घरातला सगळ्यात धारदार हवा, आणि धार लावायला त्यानेच शिकायला हवं. निसण्यावर पातं उभं धरा, म्हणजे नव्वद अंश. निम्मं झुकवा, पंचेचाळीस. पुन्हा निम्मं झुकवा, साडेबावीस. एवढ्या कोनात काम होतं. धार पुढे ठेवून, दगडावरून पातळ काप काढतोय अशा अंदाजाने ओढायचं. एका बाजूने पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूला बारीक कड उलटते. पात्याच्या पाठीकडून धारेकडे बोट हलकेच नेलं की ती खरखर लागते. धारेच्या लांबीतून बोट फिरवायचं नाही. खरखर सगळीकडे लागली की बाजू बदला. परीक्षा कागदावर घ्या, अंगठ्यावर नाही. अण्णा अंगठ्यावर बघायचे आणि आम्हाला मात्र कागद द्यायचे.

कापलं तर? कापेलच. मुलाला आधीच सांगून ठेवा की कापल्यावर कुणी रागावणार नाही, नाहीतर ते बोट खिशात घालून बसेल. स्वच्छ कापड, थेट जखमेवर दाब, हात वर, आणि घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही. प्रत्येक वेळी बघितलं की गोठू लागलेलं रक्त पुन्हा सुटतं. दहा मिनिटांनी थांबलं नाही, रक्त उसळून येत असेल, जखम उघडी राहत असेल, बोट बधिर असेल किंवा वाकत नसेल, तर दाब न सोडता डॉक्टरांकडे. काही रुतून बसलं असेल तर ओढून काढू नका. धनुर्वाताची लस झाली आहे ना, हे मात्र जखम व्हायच्या आधी बघा.

आता बंदूक.

अण्णांनी मला सगळं शिकवलं होतं. बंदूक हातात आली की आधी नळी उघडून आत काडतूस आहे का ते बघ. रिकामी असली तरी भरलेलीच समज. ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नकोस. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. निशाणाच्या मागे काय आहे ते माहीत असू दे. जेफ कूपर ह्या अमेरिकन प्रशिक्षकाने रूढ केलेले चार नियम जगभर शिकवतात, ते जवळपास हेच. शिवाय अण्णांचा एक वायदा होता: ‘बघावीशी वाटली तर केव्हाही माग, मी हातातलं काम टाकून दाखवीन.’ आणि ते खरंच दाखवायचे. मी तेलाच्या चिंध्या नळीतून ओढल्या आहेत, दस्ता पुसला आहे. महिन्या-दोन महिन्यांत मला त्याचा कंटाळा आला, आणि तोच त्यांचा हेतू होता.

तरी एका दुपारी चुलतभाऊ आला, मोठे बाहेर गेले, आणि मी त्याला म्हटलं, ‘तुला एक गंमत दाखवू?’ किल्ली अण्णांच्या जुन्या कोटाच्या आतल्या खिशात असायची. ती मला माहीत आहे हे अण्णांना माहीत नव्हतं. मी बंदूक काढली, त्याच्या हातात दिली. नळी उघडून बघितलीच नाही. त्याने हसत ती माझ्याकडे रोखली आणि चाप ओढला. ‘टक’ असा आवाज झाला. एवढंच. दोन नळ्या होत्या, दोन्ही रिकाम्या होत्या, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

अण्णांनी शिकवलेला एकही नियम मी विसरले नव्हते. परीक्षा घेतली असती तर पाचही घडाघडा सांगितले असते. पण अण्णांसमोर बंदूक बघणं वेगळं आणि चुलतभावाला दाखवणं वेगळं.

अमेरिकेत नॅशनल रायफल असोसिएशनने 1988 मध्ये मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला, त्यातला धडा सोपा आहे: थांब, हात लावू नकोस, तिथून निघ, मोठ्यांना सांग. धडा चांगला आहे, मीही मुलांकडून म्हणून घेते. पण 2001 मध्ये तिकडच्याच एका अभ्यासात आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना दोन-तीनच्या गटाने एका खोलीत बसवलं होतं. खणात खरी, पण निकामी केलेली पिस्तूल होती. ज्या 21 गटांना ती सापडली त्यातल्या 16 गटांनी ती हाताळली आणि 10 गटांत कुणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांना बंदुकीच्या धोक्याबद्दल आधी सांगितलेलं होतं. मी ते वाचलं तेव्हा कोटाच्या खिशातली किल्ली आठवली.

‘लहान हाताला चाप ओढणार नाही’ ह्या भरवशावर तर अजिबात राहू नका. 1995 च्या एका अभ्यासात तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी पंचवीस टक्के मुलांच्या बोटांत दहा पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचार किलोंचा, जोर निघाला होता, आणि कित्येक पिस्तुलांना त्याहून कमी पुरतो.

तेव्हा माझी पद्धत अशी. चाकूची चूक बहुतेकदा टाक्यांवर निभावते, म्हणून तिथे मुलावर विश्वास टाकते. बंदुकीची चूक परत घेता येत नाही, म्हणून तिथे विश्वास कुणावरच नाही, स्वतःवरही नाही. बंदूक रिकामी, कुलपात. काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. गादीखाली, कपाटावर, ‘उंचावर’ ह्या जागा नव्हेत. मुलं खुर्चीवर चढतात. घरात कुणी मनाने खचलेलं असेल, विशेषतः वयात आलेलं मूल, तर कुलपावरही थांबू नका. कायद्याने जमेल त्या मार्गाने बंदूक काही काळ घराबाहेर ठेवा. तेवढं अंतरही पुष्कळ असतं.

मूल दुसऱ्यांकडे खेळायला जातं तेव्हा मी विचारते, ‘घरात बंदूक आहे का? कुलपात असते ना?’ पहिल्यांदा जीभ अडखळली होती. आता कुत्रा चावतो का विचारावं तितक्या सहज विचारते. एकदा समोरच्या बाई दुखावल्या. दुखावू देत.

नेमबाजी शिकवायची असेल तर छऱ्यांच्या बंदुकीवर, आणि तीही खेळणं म्हणून नाही. साडेचार मिलिमीटरचा छर्रा डोळा नेतो. सगळ्यांना चष्मा, बघणाऱ्यांनाही. मागे मातीचा उंचवटा. पोलादी गोळ्या कठीण वस्तूवरून उलट येतात, म्हणून दगड-डब्यांवर नको. छर्रे शिशाचे असतात, तर तोंडात धरायचे नाहीत आणि नंतर साबणाने हात धुवायचे. मोठं माणूस शेजारी, एका वेळी एकच छर्रा, आणि तो मोठ्यानेच हातात द्यायचा. ‘छोटी’ मानली जाणारी पॉइंट बावीसची गोळीसुद्धा दोन किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते, हे मुलाला नुसतं सांगू नका. तेवढं अंतर एकदा पायी चालवा. माझी मुलगी अर्ध्या वाटेत म्हणाली, ‘अजून?’

अण्णांना मी ती दुपार सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग एवढंच विचारलं, ‘कोणता कोट?’

बंदूक आता रीतसर माझ्या नावावर आहे. किल्ली मी पुस्तकांच्या मागे एका डबीत ठेवायची, आणि ती कुणालाच ठाऊक नाही अशी माझी खात्री होती. मध्यंतरी वाचलं की मुलांना बंदुकीची जागा माहीत नाही असं सांगणाऱ्या पालकांपैकी 39 टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं. मी मुलीला सहज विचारलं, रागाचा सूर न लावता, ‘कपाटाची किल्ली कुठे असते गं?’ तिने मानही वर केली नाही. चित्र रंगवता रंगवता म्हणाली, ‘डबीत. पण आता तिचं झाकण नीट लागत नाही.’

त्याच संध्याकाळी आकड्यांचं कुलूप आणलं. आकडा घरातल्या कुणाच्याही वाढदिवसाचा नाही.